मी फिरवलेला मठ

स्वीडनमध्ये एका तळ्याकाठी, डोंगराच्या पायथ्याशी, सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा एक पडका मठ आहे. मी तो पाहिलेला नाही. स्वीडनही पाहिलेलं नाही. तरी त्या मठाच्या इतिहासात माझी थोडी भर आहे. आठशे वर्षं पूर्वेकडे तोंड करून असलेलं त्याचं चर्च मी रियाधच्या अल सुलै भागात, पत्र्याच्या ऑफिसात बसून, एका दुपारी चहा पिता पिता पश्चिमेकडे फिरवलं. हे मी कोणाच्या सांगण्यावरून केलं नाही. स्वतःच्या अकलेने केलं.

आणि या सगळ्याच्या मुळाशी काय, तर मला बायकोला आणि मुलीला सौदीत आणायचं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कोणीही विचारील. मला तेव्हा तो अगदी स्पष्ट दिसत होता.

मी ड्राफ्ट्समन. रत्नागिरीला आयटीआय केलं, मुंबईत एका कन्सल्टंटकडे काही वर्षं बोर्डावर वाकून काढली, आणि तेलाच्या पैशाने रियाध चहूबाजूंनी वाढायला लागलं तेव्हा एजंटला धरून तिकडे गेलो. आमची कंपनी गोदामं, पाण्याच्या टाक्या आणि कामगारांच्या वसाहती बांधायची. कॅम्प सुलैतच होता. एका बाजूला सिमेंटचं यार्ड, दुसऱ्या बाजूला पाइपांचं, मध्ये आम्ही. वारा पश्चिमेकडून आला की भातात सिमेंट आणि पूर्वेकडून आला की गंज, असं आमचं हवामानशास्त्र होतं.

कॅम्पातल्या माझ्या राहायच्या केबिनमध्ये रत्नागिरीच्या खाडीकाठचा एक पाइप फोरमन होता. मुसलमान, माझ्याहून बराच मोठा, आधी बहारीनला राहून आलेला. अरबी फर्डी बोलायचा, माशाचं कालवण भारी करायचा. मी त्याला दादा म्हणायचो आणि तो मला भाव. माझ्या प्रत्येक अडचणीवर त्याच्याकडे उपाय असायचा, आणि मी तो तत्काळ अमलात आणायचो. दोघांत जास्त दोष कोणाचा, हे अजून ठरलेलं नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण आम्ही एकत्र राहिलो होतो ते रजेपुरतं. बायको गावच्या प्राथमिक शाळेत तात्पुरती शिक्षिका होती. मुलगी मला ओळखायची, पण पाहुणा म्हणून. मी घरी आलो की ती नवा फ्रॉक घालून, हात मांडीवर ठेवून समोर बसायची आणि हा कधी जाणार याची नम्रपणे वाट बघायची. ते मला फार लागायचं. केबिनच्या पत्र्याला मी तिचा फोटो लावला होता आणि त्याच्याकडे बघून मी रोज एकच ठरवायचो, की या दोघींना इथे आणायचं. एकदा सगळे एका छपराखाली आलो की बाकीचं आपोआप सरळ होईल, अशी माझी समजूत होती.

"फॅमिली आणायची तर इकाम्यावर मुहंदिस पायजे," दादाने मला समजावलं. मुहंदिस म्हणजे इंजिनिअर, आणि इकामा म्हणजे आमचा तिथे राहण्याचा परवाना. "तुझ्या इकाम्यावर काय हाय? ड्राफ्ट्समन. ड्राफ्ट्समनला हे सरकार बायको देत नाय."

"मग मुहंदिस कसं व्हायचं?"

"तुझ्या साहेबाची सही. तो लिहून देईल, का हा माणूस इंजिनिअरचं काम करतो, आणि मग पुढचं आपला अरबी मालक, कफील, बघेल. खलास."

माझा साहेब म्हणजे डिझाइन विभागाचा प्रमुख, स्वीडिश माणूस. सव्वासहा फूट उंच, उन्हाने कायम उकडलेल्या कोळंबीच्या रंगाचा, स्वभावाने सज्जन. कोणावर ओरडायचा नाही, कोणाचा पगार कापायचा नाही. तरी तो कॉरिडॉरमध्ये दिसला की माणसं बाथरूममध्ये शिरायची. कारण तो मठ. त्याच्या गावाजवळ हा पडका मठ होता, लहानपणी तो तिथल्या भिंतींवर खेळला होता, आणि आता त्याचा इतिहास लिहीत होता. कोणी सापडला की त्याला गुरुवारी संध्याकाळी आपल्या व्हिलावर कॉफीला बोलवायचा. तेव्हा तिकडे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची. एकदा गेलेला माणूस दुसऱ्यांदा जात नसे. आमचा मल्याळी स्टोअरकीपर एकदा जाऊन आला आणि त्यानंतर दर गुरुवारी त्याचं पोट दुखायचं.

"तू जा," दादा म्हणाला. "गोष्ट ऐकून कान झिजत नाय. दर गुरुवारी जा. मान हलव."

मी गेलो. दर गुरुवारी गेलो. व्हिलाच्या आत दारं लावून, एसी चालू करून, साहेब मला मठ सांगायचा. दारं लावायचं कारण उघड होतं. त्या देशात बाहेर बसून चर्चच्या गोष्टी करण्याइतका भोळा तोही नव्हता. तो स्वतः वेलदोडे घालून गोड पाव भाजायचा. पाव इतके चांगले असायचे, की पहिले काही आठवडे मला मठाचं नावही लक्षात राहिलं नाही. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, तशातला प्रकार. फक्त हे गाढव मान डोलवत होतं आणि आणखी एक पाव घेऊ का, म्हणून विचारत होतं.

पण आठवड्यामागून आठवडे तेच तेच कानावर पडल्यावर माणूस किती वेळ बहिरा राहणार? हळूहळू गोष्ट डोक्यात शिरली. आठशे वर्षांपूर्वी फ्रान्समधून काही साधू निघाले. स्वीडनच्या राजाराणीने त्यांना बोलावलं होतं. न रंगवलेल्या लोकरीचे पांढरे झगे घालून, पायी आणि जहाजाने, ते उत्तरेच्या त्या थंड मुलखात पोचले. भाषा येत नाही, हवा सोसत नाही, खायला मासे आणि पाला. तिथे त्यांनी झरा वळवून पाणी आणलं, आधी स्वयंपाकघरात, मग तेच संडासाखालून. मग दगड फोडून मठ बांधला. आणि नकाशा सोबतच आणला होता. त्या पंथाचा मठ जगात कुठेही असो, आखणी तीच. डोळे बांधून एका मठातल्या साधूला दुसऱ्या मठात सोडला, तरी तो बरोबर जेवणघरात पोचेल, असं साहेब म्हणायचा.

"आमचे लेबर कॅम्प असेच असतात, सर," मी म्हणालो. "मी एकच ट्रेसिंग आतापर्यंत सगळीकडे वापरलंय. फक्त गावाचं नाव बदलतो."

साहेबाने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी फ्रान्समधूनच चालत आलो होतो.

तिथून माझी गाडी सुटली. मठात दोन जातीचे लोक होते. एक गाणारे, म्हणजे लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणणारे साधू. दुसरे दाढीवाले भाऊ, जे शेतं नांगरायचे, दगड फोडायचे आणि प्रार्थनेच्या वेळी मागे उभे राहायचे. दोघांचं जेवण वेगळं, झोपण्याची जागा वेगळी, चर्चमध्ये शिरायचं दार वेगळं. मी म्हटलं, सर, म्हणजे सीनियर मेस आणि ज्युनियर मेस. साहेबाने ते लिहून घेतलं. जेवताना बोलायचं नाही असा नियम होता, त्यामुळे बोटांच्या खुणा ठरलेल्या होत्या. मासा हवा असेल तर हात शेपटीसारखा हलवायचा. दूध हवं असेल तर करंगळी ओठाला लावायची. या खुणा मी आमच्या मेसमध्ये करून दाखवल्या. दादाने माझ्या ताटात मासा वाढला आणि म्हणाला, "भाव, तुला ऊन लागलं."

"आणि सर, त्यांना रजा किती मिळायची?" मी एका गुरुवारी विचारलं.

साहेबाला हा प्रश्न कोणी कधीच विचारला नव्हता. तो उठून खोलीत फेऱ्या मारायला लागला. रजा नव्हतीच, म्हणाला. आले ते आले, तिथेच मेले, तिथेच पुरले. मठाच्या प्रमुखाला मात्र वर्षातून एकदा फ्रान्सला, मूळ मठात, मीटिंगला जावं लागायचं. पण उत्तरेकडचे मठ इतके लांब, की त्यांना काही वर्षांतून एकदा आलात तरी चालेल अशी सवलत होती.

"म्हणजे फक्त मॅनेजरला," मी म्हणालो.

कॅम्पवर मी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांना फार समाधान वाटलं. आठशे वर्षांत कंपन्या काही सुधारल्या नाहीत, असं मत पडलं.

मग एके दिवशी साहेब म्हणाला, त्याच्या गावचं इतिहास मंडळ त्याचं लिखाण पुस्तिका म्हणून छापणार आहे. पुढे एका राजाने तो मठ ताब्यात घेतला होता आणि त्याचे दगड वाहून नेऊन लोकांनी दुसरीकडे बांधकामं केली होती, त्यामुळे आता जागेवर गुडघाभर उंचीच्या भिंतीच जास्त. साहेबाने तरुणपणी दोऱ्या लावून त्यांची मापं घेतली होती. त्याच्याकडे कच्चा स्केच होता. त्यावरून नीट, शाईने काढलेला नकाशा हवा होता. "तुझ्याइतकं चांगलं अक्षर या ऑफिसात कोणाचं नाही," तो म्हणाला.

हे खरं होतं, आणि मला ते फार आधीपासून माहीत होतं. मी त्याच दिवशी बोर्डावर ट्रेसिंग पेपर ताणला.

इथे मला आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. मुंबईच्या ऑफिसात आमचा एक हेड ड्राफ्ट्समन होता, जुन्या वळणाचा, बाहीला शाईचे डाग असलेला. त्याने मला पहिल्याच महिन्यात शिकवलं, की साहेब चुकत नसतो. साहेबाच्या स्केचमध्ये चूक दिसली तर तोंड उघडायचं नाही. ट्रेस करताना गुपचूप ती दुरुस्त करायची आणि सहीला ठेवायची. साहेब बघतो, सगळं बरोबर दिसतं, त्याला वाटतं आपण बरोबरच काढलं होतं, आणि तुझी नोकरी टिकते. ही विद्या मी आयुष्यभर पाळली. जिन्याला एक पायरी कमी असली तर मी घालायचो. दार भिंतीवर आपटत असलं तर उलट्या बाजूला उघडायचो. आर्किटेक्ट लोक माझ्या बोर्डावरून गेलेली कामं पाहून खूश असायचे, आणि त्यांच्या खुशीकडे बघून मला आतून गुदगुल्या व्हायच्या. जग माझ्यामुळे उभं आहे आणि कोणाला पत्ता नाही, यात एक मजा असते.

तर मी मठाचा स्केच पसरला आणि पाच मिनिटांत मला साहेबाची चूक सापडली. मधोमध चौक, त्याच्या चारही बाजूंनी पडवीसारखा छपरी रस्ता, चौकाच्या एका बाजूला उंच लांबलचक चर्च, बाकीच्या बाजूंना झोपायच्या खोल्या, जेवणघर, कोठार. आणि कोपऱ्यातला उत्तरेचा बाण दाखवत होता, की चर्च चौकाच्या उत्तरेला आहे. म्हणजे चौक दक्षिणेला उघडा, दिवसभर उन्हात. आता एवढे हुशार लोक, पाणी वळवून आणणारे, आपला बसायचा चौक भर उन्हात ठेवतील? सुलैत आम्ही सगळी इमारत आखायचो ती एकाच विचाराने, की ऊन कसं चुकवायचं. उंच भिंत दक्षिणेला घालायची, तिची सावली अंगणात पाडायची. शाळकरी पोरालाही कळेल. साहेबाने तरुणपणी मापं घेताना घाईत बाण उलटा काढला असणार. त्याला सांगून कशाला लाजवायचं? मी चहाचा घोट घेतला, बाण फिरवला आणि उत्तर खाली केली. चर्च दक्षिणेला गेलं, चौकात सावली आली. मठाचं माझ्याकडून थोडं भलं झालं असं वाटलं.

ख्रिस्ती देवळाचं गाभाऱ्याचं टोक पूर्वेकडे असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाण फिरवल्यावर ते पश्चिमेकडे गेलं. कित्येक शतकं पहाटेपासून सूर्याकडे तोंड करून प्रार्थना केलेल्या माणसांना मी एका बाणाने मावळतीकडे वळवून ठेवलं.

साहेबाने ट्रेसिंग पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. अक्षरं, दगडांचं शेडिंग, तळ्याच्या लाटा, सगळ्याचं कौतुक केलं. नकाशात उत्तरेच्या बाणाकडे कोणी बघत नाही. तो असतो म्हणून असतो. ट्रेसिंग गुंडाळून टपालाने स्वीडनला गेलं. मग त्याने विचारलं, तुला माझ्याकडून काही मदत हवी आहे का? मी सहीचं सांगितलं. तो म्हणाला, पुस्तिका हातात आली की आपण ते काम करू, तेव्हा मला सवडही असेल.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण माझ्यासाठीच झाली असावी. दादाला घेऊन मी शहरात फ्लॅट बघायला लागलो. एक पसंत केला, आगाऊ रक्कमही दिली. प्रेशर कुकर घेतला, फुलाफुलांचे पडदे घेतले. मुलीला घालायची म्हणून भारतीय शाळेची चौकशी केली. बायकोला यातलं काही कळवलं नव्हतं. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. तिची पत्रं यायची, त्यात शाळेचंच जास्त असायचं. कोणत्या वर्गात किती मुलं आली, छपराचं काम कसं रखडलंय, वरिष्ठ तपासणीला येऊन काय म्हणाले. तो भाग मी भरभर वाचून मुलीबद्दल काय लिहिलंय तिकडे जायचो.

पुस्तिका आली तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. साहेबाने मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पुस्तिका उघडी होती, माझा नकाशा मधल्या दोन पानांवर, आणि शेजारी एक पत्र. गावातल्या शाळेच्या एका म्हाताऱ्या मास्तरीणबाईंनी लिहिलं होतं, की पुस्तिका सुंदर आहे, पण आमचा मठ कोणी उलटा केला?

"हा बाण माझा नाही," साहेब म्हणाला.

"छापताना काही झालं असेल, सर."

त्याने माझं मूळ ट्रेसिंग काढून समोर ठेवलं. मंडळाने ते परत पाठवलं होतं. बाण खाली तोंड करून, सुबक, माझ्याच हातचा. डोळ्यांसमोर फ्लॅट आला, कुकर आला, फुलाफुलांचे पडदे आले. मग मी सगळं सांगितलं. उन्हाचं, सावलीचं, दक्षिणेच्या भिंतीचं.

त्याने नकाशा स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "तिथे हिवाळ्यात दिवस इवलासा असतो. सूर्य तळ्यावरून जेमतेम वर येतो आणि परत जातो. चर्च उत्तरेला अशासाठी, की वारा त्याच्या पाठीवर बसावा आणि पोटावर ऊन पडावं. त्या भिंतीला टेकून म्हातारे साधू वाचत बसायचे. तेवढंच ऊन त्यांच्या वाट्याला होतं. ते तू काढून घेतलंस."

मी मान खाली घातली.

"आणि इथेही तुझं चुकलं," तो म्हणाला. "जूनमध्ये दुपारी इथे सूर्य डोक्यावर असतो. दक्षिणेला कितीही उंच भिंत बांध, अंगणात सावली पडत नाही. खिडकीतून बघ."

मी बघितलं. आमच्या ऑफिसच्या अंगणाला दक्षिणेकडून मीच घातलेली उंच भिंत होती. तिच्या पायाशी पाणीवाला उभा होता, आणि त्याची स्वतःची सावली त्याच्या चपलांखाली मावत होती.

"तुला चूक दिसली, तर मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही साहेब आहात, सर."

हे उत्तर माझ्या दृष्टीने पूर्ण होतं. त्याला ते कळेना. त्याने पेन टेबलावर आपटलं आणि विचारलं, "माझ्या ड्रॉइंगमध्ये तू आणखी काय काय बदललं आहेस?"

आता मरणच आलंय तर मोकळं होऊन मरू, म्हणून मी आठवेल तेवढं सांगितलं. तो एकेक नकाशा काढत गेला. बऱ्याच ठिकाणी माझं बरोबर होतं. तो हूं म्हणायचा आणि बाजूला ठेवायचा. काही ठिकाणी नव्हतं. फोरमन लोकांच्या नव्या क्वार्टर्समध्ये संडासाचं दार स्वयंपाकघरात का उघडतं, यावर साइटवर दोन महिने भांडण चाललं होतं आणि त्यात एका निरपराध लेबनीज सुपरवायझरला बोलणी बसली होती. ते दार माझं होतं. साहेबाने चष्मा काढून डोळे चोळले.

"जो माणूस न विचारता नकाशे बदलतो, त्याला मी ड्राफ्ट्समन म्हणून ठेवू शकत नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, बरोबर आहे, सर.

"तुला इंजिनिअर करावं लागेल. मग निदान खाली तुझी सही असेल."

आणि त्याने खरंच लिहून दिलं. जगात लोक गुणांवर बढती मिळवतात, वशिल्याने मिळवतात. मी गुन्ह्यावर मिळवली. दादाने त्या दिवशी सुरमई आणली आणि सगळ्या कॅम्पला सांगितलं, की उपाय त्याचा होता.

पुढच्या गुरुवारी मी पाव भरून आणायची पिशवी न्यायला विसरलो नाही, पण गोष्टीत लक्ष नव्हतं. साहेब शेवटचं प्रकरण सांगत होता. राजाने मठाची जमीन घेतली, घंटा घेतल्या, चांदी घेतली. तरुण साधू निघून गेले, कोणी लग्नं केली, कोणी धंदे धरले. म्हाताऱ्यांना मरेपर्यंत तिथेच राहायची परवानगी मिळाली, कारण बाहेर त्यांची वाट बघणारं कोणी उरलं नव्हतं. मी मान हलवत होतो आणि मनात पडद्यांच्या दांड्या मोजत होतो.

इकामा बदलून आला तसं मी बायकोला पत्र टाकलं, की अमक्या शुक्रवारी दुपारी तालुक्याच्या पोस्टात येऊन थांब, फोन करतो, महत्त्वाचं आहे. शुक्रवारी शहरातल्या टेलिफोन ऑफिसात ही गर्दी होती. कोकणातले, केरळातले, पाकिस्तानातले, सगळे आपापल्या घरी ओरडत होते. दादा माझ्यामागे रांगेत होता. बऱ्याच वेळाने लाइन लागली.

"अहो, तब्येत बरी आहे ना?" ती म्हणाली. "मी किती घाबरले."

"तब्येत उत्तम आहे. ऐक. मी इंजिनिअर झालो. फॅमिलीचं काम झालं. फ्लॅट घेतलाय, एसी आहे, शाळा जवळ आहे. तुमच्या पासपोर्टांचं लगेच बघायला हवं."

लाइन गेली असं वाटून मी हॅलो हॅलो केलं.

"आहे मी," ती म्हणाली. "मला शाळेत कायम केलं. ऑर्डर आली. पत्रात लिहिलंय."

"अभिनंदन. मग आता राजीनामा द्यायचा तर नोटीस किती द्यावी लागेल?"

ती काहीतरी हळू बोलली. समोर पोस्टमास्तर बसलेले असणार.

"मोठ्याने बोल, ऐकू येत नाही."

ती शिक्षिका होती, आणि तिचा आवाज मी वर्गात कधी ऐकला नव्हता. "मी येणार नाही," ती म्हणाली. ते माझ्या मागे सहा माणसांपर्यंत स्पष्ट ऐकू गेलं. मल्याळी लोकांनाही अर्थ कळला असावा, कारण रांग गप्प झाली.

"अगं, पण मी तुझ्यासाठी वर्षभर दर गुरुवारी त्या मठात..."

"कसल्या मठात? तुम्ही तिकडे मठात जाताय?"

"तसला मठ नाही. ते राहू दे. मी इथे सगळं ठरवलंय. फ्लॅट ठरवला, शाळा ठरवली, पडदेसुद्धा आणले."

"हो ना," ती म्हणाली. रागाने नाही, रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. "सगळं तुम्ही ठरवलंत. मला कधी विचारलंत? तिथे मी दिवसभर चार भिंतींत बसणार आणि तुमची वाट बघणार. वाट मी इथेही बघतेच आहे. निदान इथे माझ्यासमोर चाळीस मुलं असतात."

आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याच्या आखणीत मला चूक सापडत नव्हती. मीटर पळत होता. मागून दादा हळूच म्हणाला, "भाव, बोल कायतरी."

"बरं," मी म्हणालो. "मग मी काय करू?"

हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता. तिलाही तो अपेक्षित नसावा, कारण तिने तो मला पुन्हा विचारायला लावला.

"तुम्ही या," ती म्हणाली. आणि मग, पोस्टमास्तर समोर असूनही, "आता या," असं म्हणाली.

मी हो म्हणालो, आणि त्या वर्षीचा करार संपल्यावर कायमचा परत गेलो.